तिफणीच्या मुठीचा गिअर

दिग्रसमध्ये तनवीर मिस्त्रींच्या हातची एकही वस्तू नसलेलं घर शोधायला निघालात, तर पार नव्या वस्तीपर्यंत जावं लागेल, आणि तिथंही स्वयंपाकघरात लाटणं निघेलच. पाळण्याचे खूर, खुंट्या, भोवरे, विळ्यांच्या मुठी, कुऱ्हाडीचे दांडे असं सगळं त्यांच्या खरादीवरून उतरलेलं. मध्ये प्लास्टिक आलं, मग स्टील आलं, मग सगळंच मोबाईलवर मागवायची सोय आली, तरी मिस्त्रींची खराद काही थांबली नाही. थोडी मंदावली, इतकंच. मिस्त्री स्वतःही थोडे मंदावले होते, त्यामुळे दोघांचं जमून गेलं.

माणूस अंगानं किरकोळ. दाढी पांढरी आणि त्या दाढीत बारा महिने लाकडाचा भुसा. शुक्रवारी नमाजाला जाताना ते दाढी चांगली झाडून घ्यायचे, तरी शेजारी बसलेला हळूच विचारायचा, "आज साग होता का बाभूय, मिस्त्री?" मिस्त्री खरं काय ते सांगायचे. लाकडाच्या बाबतीत खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, मशिदीत तर नाहीच नाही.

त्यांचं एकच म्हणणं होतं. मूठ हाताला बसली पाहिजे, हातानं मुठीपुरतं बसून घेऊ नये. म्हणून कोणी अवजाराला मूठ करायला आला, की मिस्त्री आधी त्याची मूठ 'घेत'. दुकानात एका घमेल्यात काळी माती मळून ठेवलेली असे. नुसती काळी माती वाळली की वावरासारखी भेगाळते, म्हणून तिच्यात जिनिंगमधली वाया गेलेली रुई मिसळलेली. "मूठ द्या," म्हणायचं, समोरच्यानं हात पुढे करायचा, मातीचा गोळा दाबून धरायचा, आणि सोडायचा. बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा सावलीत वाळवून मिस्त्री तसंच्या तसं लाकूड कोरून काढत. सगळ्या तालुक्याच्या मुठी त्यांनी घेतल्या होत्या. कोणता हात, हे मात्र कधी विचारावं लागलं नव्हतं. विळा धरणारा, कुऱ्हाड धरणारा, डवरा हाकणारा, जो तो उजवा हातच पुढे करायचा.

तर अशा या तनवीर मिस्त्रींच्या दुकानासमोर एका मे महिन्यात पियुषची लाल स्पोर्ट्स कार येऊन अडकली.

पियुष म्हणजे वामनरावांचा मुलगा. वामनराव दिग्रसचेच, कापूस आणि तुरीचे कास्तकार. मुलगा पुण्याला नोकरीला. तिकडे त्यानं कोणाची तरी वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली आणि सुट्टीत हौसेनं ती चालवत गावी आणली. गाडी लाल, चपटी, दोन दरवाजांची, आणि इतकी बुटकी, की गल्लीतल्या बकऱ्या तिच्याकडे वरून बघायच्या. दिग्रसमध्ये गतिरोधकांना तोटा नाही. त्यातले काही सरकारी आहेत आणि बाकीचे लोकांनी आपापल्या दारासमोर प्रेमानं बांधलेले आहेत. पियुषची गाडी प्रत्येकावर पोट घासत, कण्हत जायची. मिस्त्रींच्या दुकानासमोरचा जरा जास्तच प्रेमानं बांधलेला होता. तिथं ती बसली. चौघांनी तिला कडेनं उचलून उतरवलं, आणि मग सगळ्यांनी मिळून आत डोकावून पाहिलं. आत दोनच खुर्च्या होत्या. मधल्या गिअरच्या दांड्यावर कोणाचा तरी पायमोजा घातलेला होता.

पायमोज्यामागे कारण होतं. गिअरची मूठ ॲल्युमिनियमची, चकचकीत, गोळ्यासारखी. पुण्याच्या हवेत ती शोभून दिसली असेल. इथल्या मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी उघडली, की तो गोळा आत्ताच चुलीवरून उतरवल्यासारखा असायचा. पहिल्याच दुपारी पियुषच्या तळहाताला टरारून फोड आला.

पण खरा चटका तो नव्हता. गाडी दारात आली तेव्हा वामनरावांनी तिला एक फेरी मारली आणि विचारलं, "दोघंच बसतात? मंग तुई माय कुठी बसन?"

"बाबा, ही फॅमिलीची गाडी नाही. हौसेची आहे."

"हौस घरच्यायले घेऊन बी करता येते," वामनराव म्हणाले, आणि आत निघून गेले. त्यावर पियुषही काहीतरी बोलला. काय बोलला ते त्याच्या आईनं, इंदुताईनं, अख्ख्या गल्लीला सांगितलं नाही, फक्त हुस्नाबीला सांगितलं. हुस्नाबी म्हणजे मिस्त्रींची बायको, त्यामुळे मिस्त्रींनाही कळलं. "तुमाले हौस म्हणजे काय हेच माहीत नाही," असं तो बापाला म्हणाला होता. तेव्हापासून बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. एका घरात राहून, एका ताटलीतलं लोणचं खाऊन बोलत नव्हते. "आई, बाबांना सांग, पंखा बंद करा," अशी घरातली तऱ्हा झाली होती.

आणि मग एके सकाळी दोघंही मिस्त्रींच्या दुकानात आले. वामनराव पुढे, पियुष मागे, मध्ये एवढं अंतर, की बघणाऱ्याला वाटावं दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत.

वामनरावांनी फडक्यात गुंडाळलेला एक लाकडाचा ठोकळा मिस्त्रींपुढे ठेवला. "पाहा बरं मिस्त्री."

मिस्त्रींनी तो हातात घेतला, वास घेतला, अंगठ्यानं घासून पाहिला. "शिसम. हे तर तिफणीच्या रुमण्याची मूठ हाय. आमच्या अब्बाच्या हातची."

"हो. करवतीनं कापून आणली."

"तुम्ही कापली?"

"ट्रॅक्टरनं पेरतो आता. तिफण कायले ठेवू, तिची आरती कराले?" वामनराव भिंतीकडे बघत म्हणाले. "त्याले विचारा, गाडीच्या गिअरले चालन का. हाताले चटके बसून राह्यले त्याच्या."

'तो' त्यांच्यामागे हातभर अंतरावर उभा होता. मिस्त्रींनी मान वळवली. "काय रे पियुष, चालन का?"

"बाबांना सांगा, चालेल. पण नुसता गोळा नको. बोटं बसली पाहिजेत अशी."

"पोरगा म्हणते, चालते."

"ऐकलं म्या. त्याले विचारा, चालवताना पायमोजा सरकत नव्हता काय."

"बाबांना सांगा, सरकत होता म्हणूनच तर आलो."

"पोरगा म्हणते–"

"मिस्त्री, मी बयरा नाही."

टेबलफॅन फिरावा तशी मिस्त्रींची मान इकडून तिकडे फिरत होती. पण ती फिरत असतानाही त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. वामनरावांसारखा माणूस पेरताना ज्या तिफणीच्या मागे रुमण्याची मूठ धरून जन्मभर चालला, तिची मूठ स्वतःच्या हातानं कापून आणतो, ती काही ॲल्युमिनियम तापतं म्हणून नव्हे. तोंडानं जे त्यांना म्हणता येत नव्हतं ते त्यांनी करवतीनं कापून आणलं होतं. आणि आता ते मिस्त्रींच्या हातात होतं. लाकूड दुसरं मिळालं असतं. हे दुसरं मिळणार नव्हतं.

"आकडे वरती मराठीत कोरा," वामनराव म्हणाले. "एक, दोन, तीन. रिव्हर्सच्या जागी 'मागं' लिहा. म्हणजे त्याले सांगा, मले बी वाचता येईन."

"बाबांना सांगा, बरं होईल," पियुष म्हणाला. पुण्याच्या पोरानं मराठी आकड्यांना हो म्हटलं, यात मिस्त्रींना आशेचा किरण दिसला. त्यांनी उत्साहानं घमेलं पुढे ओढलं, मातीचा गोळा काढला. "दे, मूठ दे."

पियुषच्या एका हातात फोन होता, आणि त्याच हाताला मलम लावून पट्टी बांधलेली होती. त्यानं दुसरा हात पुढे केला. मिस्त्रींनी गोळा हातात दिला, त्यानं दाबला, सोडला. "झालं," मिस्त्री म्हणाले. दोघं आले तसेच गेले, मध्ये तेवढंच अंतर ठेवून.

मूठ झकास उतरली. मिस्त्रींना इतक्या वर्षांत एवढं मन लावून काम केल्याचं आठवत नव्हतं. अब्बांनी कधीकाळी घडवलेलं लाकूड पुन्हा आपल्या पटाशीखाली येतंय, या विचारानं त्यांचा हात नेहमीपेक्षाही हलका चालत होता. पलीकडच्या लेथवाल्याकडून आतला पितळी बुश करून आणला, त्यात गाडीच्या दांड्याचे आटे पाडून घेतले, बुश लाकडात घट्ट बसवला. चार बोटांच्या चार खोबण्या, अंगठ्याला खळगा, वरती तळव्याला गोलाई. शिसमाच्या काळ्या-तांबड्या रेषा नदीच्या पाण्यासारख्या एकीकडून दुसरीकडे गेलेल्या. आता फक्त वरचे आकडे कोरायचे राहिले होते, कारण कोणता गिअर कुठं हे पियुषकडून समजून घ्यायचं होतं, आणि वरून लाख चढवायची होती. चांगली लाख पुसदला मिळायची. मिस्त्री पुसदच्या एसटीत बसले.

मूठ त्यांनी दुकानात ठेवली नाही. रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घेतली. खरं सांगायचं तर वाटेत दोघा-चौघांना दाखवायची होती.

गाडीवर ड्रायव्हर नेमसिंग होता. तांड्यावरचा, ओळखीचा, त्याच्या तिन्ही पोरांचे पाळणे मिस्त्रींनी केलेले. मिस्त्री त्याच्या मागच्याच सीटवर बसले.

"खिशात काय फुगून राह्यलं मिस्त्री?" नेमसिंगनं आरशातून विचारलं. "अंडे विकाले चालले काय पुसदले?"

"गिअरची मूठ हाय. स्पोर्ट्स कारची."

"वामनरावच्या पोट्ट्याची काय, थे घोरपडीसारखी? तिले मी एक दिवस बसखाली पाह्यलं. म्हणजे बसखाली आली नाही, पण वाटलं आलीच."

मिस्त्री हसले. रस्ता चढाला लागला, तशी बस घोगऱ्या आवाजात कुरकुरू लागली. नेमसिंगनं क्लच दाबला, हात खाली नेला, गिअर खाली ओढला. मिस्त्री कारागिराच्या कौतुकानं त्या हाताकडे पाहत होते. गिअरच्या गोळ्यावर प्लास्टिकची चिकटपट्टी गुंडाळलेली, अंगठा अलीकडे, बोटं पलीकडे. बघता बघता मिस्त्री पुढे सरकले. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात वर करून पाहिले, कोणता कोणता ते.

"नेमसिंगभाऊ, तुम्ही डावरे हा काय?"

"नाही. काहून?"

"मंग गिअर डाव्या हातानं काहून टाकून राह्यले?"

नेमसिंगनं आरशातून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "उजव्यानं स्टेरिंग धरलं. गिअर डाव्या बाजूले हाय. डाव्यानं नाही टाकू तर काय पायानं टाकू?"

"सगळ्याच गाड्यायले असंच असते?"

"आपल्या देशात तरी असंच असते बाप्पा. तिसरा हात असलेला डायवर मी अजून पाह्यला नाही." आणि मग जरा काळजीनं, "तब्येत बरी हाय ना मिस्त्री?"

मिस्त्रींनी रुमाल सोडला. मूठ डाव्या हातात धरली. जिथं अंगठा जायला हवा तिथं बोटांच्या खोबण्या होत्या, आणि जिथं बोटं जायला हवीत तिथं गुळगुळीत शिसम. मूठ त्यांच्या हाताला ओळखच दाखवेना. एवढी वर्षं सायकलवर गेलेली, गाडी कधी हाती धरलेली नाही. आणि पियुषच्या ज्या हाताला पट्टी होती तो डावा होता. गिअरनं भाजलेला हात. तो हात त्यांच्या डोळ्यांसमोर पट्टी बांधून उभा होता, आणि ते टेबलफॅनसारखे मान फिरवत बसले होते.

पुसदच्या स्टँडवर ते उतरले, पाणी प्यायले आणि परतीच्या गाडीत बसले. लाख घ्यायची राहिली.

वाटेत त्यांच्या मनात येऊन गेलं, की दुसरं शिसम आणावं, मुकाट्यानं दुसरी मूठ करावी, कोणाला कळणार. पण वामनराव जन्मभर त्या लाकडाला धरून चालले होते. ते हात लावताच म्हणतील, ही माझी नाही. आणि मग त्यांना वाटेल, आपण दिलेलं पोरानं घेतलं नाही. मिस्त्रींनी डोळे मिटले. बाप-लेकात पुन्हा कधी काही कापून आणायची वेळच येणार नाही, असं त्यांना दिसत होतं, आणि त्याचं कारण म्हणून आपली पांढरी दाढी दिसत होती.

घरी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हुस्नाबी ओसरीत बसून खुरप्यानं कुंडीतली माती उकरत होती. लेक आरजू बाभुळगावला दिलेली, ती पुदिना लावून गेली होती, त्याची उस्तवार चालली होती.

"लाख भेटली?"

"राह्यली."

"चेहरा असा काहून?"

"हुस्ना, हात चुकला."

"कापला?" ती हातातलं टाकून उठली.

"कापला नाही. चुकला. डावा घ्यायचा होता, उजवा घेतला." मिस्त्री जोत्यावर बसले आणि सगळं सांगितलं. मूठ त्यांनी बाजूला ठेवली, जणू तिच्याकडे बघवत नव्हतं.

हुस्नाबीनं हात पदराला पुसले. मूठ उचलली, मागची बाजू पुढे केली आणि डाव्या हातात धरली. "बसते की."

"काय बसते?"

"पाहा ना. बोटं पलीकडं, अंगठा अलीकडं. फक्त हे पयलं बोट चेंगरून राह्यलं, थे करंगळीच्या जागेत गेलं म्हणून. अन अंगठा जरासा मागं पडते."

मिस्त्री उठून तिच्या हाताजवळ गेले. मूठ अर्धा वळसा फिरवलेली. बोटं खरंच पलीकडच्या खोबण्यांत बसली होती.

"तुले कसं सुचलं?"

"सुचाचं काय त्यात? तुमच्या सगळ्या वस्तू मी अशाच धरते. उलट्या करून." तिनं जमिनीवरचं खुरपं दाखवलं. "हे बी. विळा बी. सगळ्याची मूठ उजव्या हाताची, अन मी डावरी."

हुस्नाबी डावरी होती, हे मिस्त्रींना माहीत होतं. म्हणजे आपल्या घराला मागं खिडकी आहे हे जसं माहीत असतं, तसं माहीत होतं.

"जेवते तर उजव्यानं," ते पुटपुटले.

"थे अम्मीनं चापट्या मारून शिकवलं. खुरप्याच्या वेळी अम्मी नव्हती."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही कधी मूठ मागितली? सगळ्या दिग्रसची घेतली. मले वाटलं, एक दिवस नंबर येईन."

मिस्त्रींनी जमिनीवरचं खुरपं उचलून डाव्या हातात धरून पाहिलं. पण त्यांच्या छातीवरचा धोंडा थोडा बाजूला सरकला होता, आणि त्या फटीतून हवा आत येत होती. लाकूड वाढवता येत नाही, पण काढता येतं. पुढची खोबण रुंद केली आणि अंगठ्याचा खळगा पुढे ओढला तर काम होण्यासारखं होतं. आणि वरचे आकडे कोरले नव्हते, हे केवढं नशीब. कोरले असते तर सगळे उलटे झाले असते, आणि पियुष 'मागं' समजून पुढे गेला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुस्नाबी दुकानात गिऱ्हाइकाच्या स्टुलावर येऊन बसली. ती दुकानात क्वचितच येई, आणि आली तरी डबा ठेवून जाई. आज तिच्या डाव्या हाताचं काम होतं. तिची बोटं पियुषच्या बोटांहून बारीक, म्हणून मिस्त्रींनी तिच्या एकेका बोटाला चिंधी गुंडाळली, मातीच्या गोळ्यातल्या ठशाशी जाडी ताडून पाहिली, तेव्हा कुठं काम सुरू झालं. रस्त्यानं जाणारे थबकून बघत होते. एकानं विचारलं, "भाभीच्या हाताले काय झालं मिस्त्री?"

"काही नाही झालं. गिअर टाकून राह्यली," मिस्त्री म्हणाले.

ती मूठ धरायची आणि सांगायची, इथं रुतते, इथं अजून थोडं. मिस्त्री गोल पटाशीनं कागदासारखी पातळ ढलपी काढायचे, पुन्हा तिच्या हातात द्यायचे. मग एकदा तिनं हात मागं घेतला आणि म्हणाली, "आता बस. पुढं गेले तर बिघडवसान." मिस्त्री थांबले. एरवी ते कोणाचं ऐकून थांबणारे नव्हते. पुढची खोबण छान झाली होती, अंगठा बसत होता. मागची, जी मुळात पहिल्या बोटासाठी कोरली होती, ती मात्र लहान करता येण्यासारखी नव्हती. तिथं आता करंगळी राहायला येणार होती. एका करंगळीला केवढी हवेली.

"दिसन त्याले," हुस्नाबी म्हणाली.

"दिसन तर सांगून टाकतो," मिस्त्री म्हणाले. म्हणाले खरे, पण पाणी मागून प्यायले.

दुपारी पियुष गाडी घेऊन आला. वामनराव आधीच चालत येऊन दुकानात बसले होते. गाडी गतिरोधकाच्या अलीकडेच उभी राहिली. मिस्त्री पायमोजा काढून आत वाकले, मूठ दांड्यावर फिरवत नेली, बोटांच्या खोबण्या बरोबर पलीकडे आल्या तिथं थांबवली आणि खालचा चेक नट आवळला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावरचा घाम नुसता उन्हाचा नव्हता.

पियुष आत बसला. पट्टी निघालेला डावा हात मुठीवर ठेवला. बोटं उघडली, पुन्हा मिटली. पहिला टाकला, दुसरा टाकला.

"थंडगार आहे," तो म्हणाला. "आणि बसते पण मस्त." मग त्यानं करंगळी हलवून पाहिली. "इथं जरा जास्त जागा झाली का मिस्त्री?"

मिस्त्रींनी एकदा वामनरावांकडे पाहिलं, एकदा आत पडद्याआड उभ्या असलेल्या बायकोकडे. "माझ्याकून चूक झाली. मी उजव्या हाताची मूठ घेतली होती. गिअर डाव्या हातानं टाकते हे ध्यानातच आलं नाही. मंग फिरवून बसवली. थे जागा खरी पयल्या बोटाची हाय. तुमचं लाकूड होतं वामनराव, म्हणून सांगितलं. नाही तर नसतं सांगितलं."

वामनराव स्टुलावरून उठले, गाडीपाशी आले, वाकून आत पाहिलं. मिस्त्रींनी मान खाली घातली.

"काहून रे," वामनराव म्हणाले. "तुले बी समजलं नाही?"

मिस्त्रींनी चमकून मान वर केली. 'त्याले विचारा' नव्हतं.

पियुषही गोंधळला. "मला?"

"मंग कोणाले? गाडी मिस्त्री चालवते का? फोड कोणत्या हाताले आला होता?"

"डाव्या."

"अन मिस्त्रीले कोणता दिला?"

"डावा दुखत होता, म्हणून–" पियुष थांबला, आणि मग एकदम म्हणाला, "तुम्ही पण तिथंच उभे होता ना बाबा. तुम्ही का नाही सांगितलं?"

"मी कसा सांगू? मी तुयाशी बोलत होतो काय?"

पडद्याआडून हुस्नाबीचं हसू आलं, ते तिनं खोकल्यात बदललं. वामनरावांच्या मिशीचा एक कोपरा हलला. त्यांनी आत हात घालून मूठ एकवार चाचपली, तिफणीची मूठ चाचपायचे तशीच, अंगठा फिरवून. "माया हाताले तर उलटीच लागते," ते म्हणाले. "पण तुया हाताची हाय. बसते का नाही ते सांग."

"बसते बाबा."

"मंग करंगळीनं राहावं आरामात. शेवटची हाय बिचारी, तिले कोण विचारते." मग त्यांनी गाडीच्या दुसऱ्या बाजूचं दार धरलं. "कोणता गिअर कुठं हाय थे दाखव. मिस्त्रीले आकडे कोराचे हायेत."

दाखवायचं तर आत बसावं लागणार होतं. वामनराव विहिरीत उतरावं तसे उतरले, आधी एक पाय, मग जरा विचार, मग दुसरा, आणि मग सगळे वामनराव एकदम. त्यांचं डोकं छताला टेकलं, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पियुषनं दार लावून घेतलं. बोलताना दोघांची तोंडं दिसत होती, शब्द ऐकू येत नव्हते. पियुष बोट दाखवत होता, वामनराव मान हलवत होते, मध्येच मान नाही म्हणून हलवत होते. मग गाडी सुरू झाली.

ती गतिरोधकावर चढली, आणि नेहमीसारखी खालून घासली. एव्हाना काच खाली आली होती.

"पयल्यात टाक," वामनरावांचा आवाज आला.

"पहिल्यातच आहे बाबा."

"मंग घासली काहून?"

"तुम्ही बसले म्हणून."

"मले दोष देऊन राह्यला? पयले काय उडत होती काय?"

गाडी कण्हत कण्हत पलीकडे उतरली आणि आर्णीच्या रस्त्याला लागली. भांडण चालूच होतं, पण मधला माणूस कोणी नव्हता. मिस्त्री रस्त्याच्या कडेला उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग दुकानात आले, भुश्याच्या पोत्याला पाठ टेकली, आणि हुस्नाबीनं जेवायला वाढू का विचारलं तेव्हा त्यांना उत्तर द्यायचं होतं, पण आधी एक लांबलचक जांभई आली.